फुईच्या गाडीचा बिघाड

फुई, तू गेलीस त्या दिवसापासून तुझ्या दारावर माणसं येत होती आणि मी तुझ्या गाडीचं बॉनेट उघडून उभा होतो. बायका ओसरीवर बसून रडायच्या. पुरुष लिंबाखाली बसायचे आणि कुणीतरी हळूच विचारायचं, "तो पोऱ्या काय करी ऱ्हायना?" आबा मान खाली घालून सांगायचे, "गाडी दुरुस्त करी ऱ्हायना." लोकांना हेच दिसायचं: बाप बहिणीच्या दुखवट्याला दारावर बसलाय आणि शिकलेला मुलगा हाताला काळं फासून घेतोय.

मला रडू येत नव्हतं, हे तुला सांगायला हवं. मला फक्त बिघाड शोधायचा होता.

तू हसशील. आपलं भांडणच त्यावर अर्धवट राहिलं होतं. मी म्हणायचो दोष अर्थिंगमध्ये, तू म्हणायचीस डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या कटआउटमध्ये. दिवाळीला आलो तेव्हाही तेच. गाडीच्या खाली गोणपाटावर झोपून मी इंजिनापासून चासीपर्यंतची अर्थची पट्टी घासत होतो, आणि तू वरून कंदिलासारखी टॉर्च धरून उभी होतीस. "इतलं घासी ऱ्हायना, भांडं शे का ते?" असं म्हणालीस. मी चिडलो. पुढच्या सुट्टीत डायनामो उतरवूनच पाहतो, असं म्हणालो. तू म्हणालीस, "ये. मी काय पयी जाई ऱ्हायनू का?"

मी काय पळून चाललेय का, हे तुझं वाक्य आता माझ्या कानातून जात नाही.

ही गाडी तुझ्याकडे कशी आली ते गावात सगळ्यांना माहीत आहे. मोलगीच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी गाव सोडताना ती पांढरी अँबॅसिडर तुझ्या हवाली केली. इतकी वर्षं डोंगरात त्यांच्यासोबत बाळंतपणं केलीस, आता ही तूच सांभाळ, म्हणाले. गावात तेव्हा बाईने सायकल चालवली तरी माणसं वळून बघायची. आबांनी तर दोन दिवस तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. तू मात्र नर्सचा पांढरा पदर खोचून बसायचीस आणि हॉर्न वाजवत वेशीतून आत यायचीस. मी बी.एस्सी. झालो त्या दिवशी तू मला मागच्या सीटवर बसवलंस, एकट्याला, आणि साऱ्या गावातून गाडी फिरवलीस. आपल्या घरात पहिला पदवीधर, म्हणून. मी लाजेने खाली वाकून बसलो होतो तर आरशातून ओरडलीस, "ताठ बठ! साहेब असा बठस का?" शहाद्याच्या कॉलेजात मला घालायचं कुणी ठरवलं, फुई? आबा तर मला सोबत ऊसतोडीला न्यायला निघाले होते. तू त्यांच्या समोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "भाऊ, हाऊ पोऱ्या मन्हा शे." हा पोरगा माझा, एवढंच. आबांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली.

तो दिवस मी गाडीखाली पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा आठवला. पण तरीही रडू येत नव्हतं.

मी सुरतेला कारखान्यात विजेची देखभाल पाहायला लागलो आणि मग सुट्टीला येऊ लागलो तसा हा बिघाड सुरू झाला. संध्याकाळची रेल्वे नंदुरबारला यायची. स्टेशनबाहेर रिक्षांच्या गर्दीत तू बॉनेटला टेकून उभी असायचीस. मी पुढे बसायचो. प्रकाशा गावच्या तापीवरच्या पुलापर्यंत आणि पुढे घरापर्यंत डॅशबोर्डवरचा तो बारका लाल दिवा पेटलेलाच असायचा. लाल दिवा म्हणजे डायनामो बॅटरीला काही देत नाही, सगळं बॅटरीतूनच चाललंय. समोरचे दिवे, हॉर्न, सगळं. घरी पोहोचेपर्यंत हेडलाइट पिवळे पडलेले असायचे. सकाळी चावी फिरवली की स्टार्टर म्हाताऱ्यासारखा कण्हायचा आणि गप्प व्हायचा.

मग बॅटरी काढून शहाद्याला चार्जिंगला पाठवायची. ती दुसऱ्या दिवशी मिळायची. तोवर तू मला नंदुरबारला सोडू शकत नाहीस, म्हणून मी सुरतेला फोन करून एक सुट्टी वाढवायचो. तू ज्वारीच्या भाकरी आणि भुजेल वांग्याचं भरीत करायचीस. मी मीटर घेऊन अंगणात बसायचो. सगळं बरोबर निघायचं. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, सैल नाही. डायनामोचे ब्रश पाहिले, झिजलेले नाहीत. कटआउटची डबी उघडून पॉइंट कागदाने पुसले. इंजिन जोरात फिरवलं की मीटरचा आकडा छान वर चढायचा, बॅटरी भरत असायची, लाल दिवा विझायचा. पुढच्या वेळी स्टेशनवरून घरी येताना पुन्हा पेटलेला!

असा कधी येणारा, कधी जाणारा बिघाड सगळ्यात वाईट. कारखान्यातही मी त्यालाच घाबरतो.

तुझी पद्धत वेगळी होती. तू गाडीला पेशंट समजायचीस. बॅटरीत इंजेक्शनचं पाणी घालायचीस, पट्ट्याला नाडीसारखी दोन बोटं लावायचीस. आणि मला सांगायचीस, "कोठे दुखस ते मंग इचार. आधी कव्हय दुखस ते इचार." तुझा तो नर्सिंगचा नियम. दुखणं कुठे आहे ते नंतर, आधी ते केव्हा होतं ते विचार. मी हसायचो. गाडीला काय विचारायचं?

"तू शिकेल शे. तूच शोध," असं म्हणून तू आत भाकरी करायला जायचीस.

तर मी शोधत होतो. आबांनी मला मुदत दिली होती. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी सगळे नातेवाईक जमणार होते, आणि त्याच दिवशी दोंडाईच्याचा भंगारवाला येणार होता. आबा म्हणाले, "हाई गाडी बॅटऱ्या खास. कोन सांभायी इले? तू सुरतले, मन्हा डोया गया." गाडी बॅटऱ्या खाते आणि सांभाळायला कुणी नाही, हे त्यांचं म्हणणं. मी हात जोडले. त्यांनी माझे काळे हात पाहिले. मग म्हणाले, "गंधमुक्तीले सकाय एक चावीमा चालू व्हयनी ते ऱ्हाई. नही ते जाई."

एका चावीत चालू झाली तर राहील. मी दिवसभर गाडीखाली असायचो. डायनामो उतरवला, तुला म्हणालो होतो तसाच. आतलं तांबं पुसलं, बेअरिंगला तेल दिलं, परत बसवला. जुनी वायर टाकून नवी ओढली. अर्थच्या पट्टीचे दोन्ही नट बदलले. दिवे लावून, हॉर्न वाजवून, सगळा भार टाकून पाहिलं. काही नाही. कुठेही काही नाही. दर वेळी मीटर मला सांगत होतं की ही गाडी ठणठणीत आहे, आणि मला मात्र दर सुट्टीतला तो लाल ठिपका दिसत होता. मी पाना खाली टाकला आणि बंपरला डोकं टेकून बसलो. मला वाटलं, हा बिघाड सापडला नाही तर तू खरंच गेलीस. सापडला तर निदान आपलं भांडण तरी पूर्ण होईल, कोण बरोबर होतं ते कळेल, आणि तुला कुठेतरी ते सांगता येईल. असं काही नसतं, हे मला कळत होतं. तरीही मी पुन्हा पाना उचलला.

गंधमुक्तीच्या आदल्या दुपारी मोलगीकडून जीप आली. डोंगरातली माणसं दाटीवाटीने बसून आली होती. त्यात भुरीबाई होती. तुला आठवते ना, चार लेकरांचं बाळंतपण तू केलेलं? ती ओसरीवर न बसता सरळ गाडीपाशी आली. दरवाजाला हात लावून उभी राहिली. तिचं मराठी बाजाराचं, तोडकं, पण ती थांबत नव्हती.

"ह्याच गाडीत आणलं होतं सिस्टरनी माझ्या सुनेला. होळीच्या आधी. पोट अडलेलं. घाटातून खाली. काय पळवली, बापा! माझं डोकं दोन वेळा टपाला लागलं. मी म्हटलं, सिस्टर, सून बाजूला राहील, मीच मरेन. तर म्हणे, गप बस, मर, मी आहे ना!" ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "भुरर्र गेली गाडी. वाऱ्यासारखी."

मी विचारलं, "भुरीबाई, ही गाडी? ही जोरात पळते?"

ती माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागली. "मग? सिस्टरची गाडी. सगळ्या डोंगरात माहिती आहे. कोंबड्या बाजूला व्हायच्या."

फुई, तू मला सांगितलं होतंस, इंजिन थकलं. प्रत्येक वेळी, नंदुरबार सोडलं की तू चौथा गिअर टाकायचीस आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चालवायचीस. सायकलवाले पुढे जायचे. मी म्हणायचो, जरा दाब ना. तू म्हणायचीस, "इंजिन थकी गयं रे भो. यान्हा पुढे नही पयस." आणि मग तू गोष्टी सांगायचीस. धडगावच्या पुरात दोर धरून कशी नदी ओलांडली, कुणाच्या पोराचं नाव तुझ्या नावावरून ठेवलं, आबा लहानपणी आंब्यावरून कसे पडले. वाटेत दोनदा चहाला थांबायचीस आणि इंजिन तसंच चालू ठेवायचीस. बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही, असं म्हणायचीस. लाल दिवा पेटलेला असायचा.

डायनामोला वेग लागतो, फुई. आताच्या गाड्यांत वेगळं यंत्र असतं, ते गाडी उभी असली तरी बॅटरी भरतं. जुन्या गाडीचा डायनामो इंजिन हळू फिरत असेल तर काही देत नाही. आणि समोरचे दिवे लावून चौथ्या गिअरमध्ये, इंजिन अगदी हळू फिरवत, रेंगाळत यायचं म्हणजे बॅटरी सांडत सांडत यायचं. मला हे माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं. पण मी अंगणात उभ्या गाडीचं इंजिन जोरात फिरवून तपासायचो, त्यामुळे सगळं ठीकच दिसायचं. दुखणं कुठे आहे, एवढंच मी विचारत होतो.

केव्हा होतं? मी आलो की होतं.

मी हात न धुताच आबांना ओढत गाडीपाशी आणलं. "बठा, आबा." ते इतक्या वर्षांत त्या गाडीत पुढे कधी बसले नव्हते. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, राहू द्या पायात. थोरल्या बहिणीचा मान ठेवत ते म्हणाले, "अक्कानी गाडी शे." आणि मांडीवर चपला धरून बसले.

तू मला कधी चालवायला दिली नाहीस ती गाडी मी पहिल्यांदा चालवत होतो. गाव सोडलं. प्रकाशाच्या रस्त्याला लागलो आणि ॲक्सिलरेटर दाबला. आधी ती गुरगुरली. मग ती सुटली. स्टिअरिंगमध्ये ताकद आली, वारा आत घुसला, आबांनी एका हाताने डॅशबोर्ड धरला. मीटरच्या लांब वायरी मी बॅटरीपासून आत ओढून घेतल्या होत्या. आकडा चढला आणि तिथेच ठाम राहिला. लाल दिवा मेलेला. केळीच्या बागा मागे पळत होत्या.

"अरे, हाई इतली पयस?" आबा ओरडले. "मले ते अक्का सांगे, थकी गयी!"

"तुम्हालाही सांगे?"

"कव्हय बी धीरे चालाडे मी बसनू ते. मागे बसाडे, आन् आख्खी वाट बोलत जाये." म्हणजे आबांनाही तू मागे बसवून तशीच हळू न्यायचीस, वाटभर बोलत.

तापीच्या पुलावर मी गाडी हळू केली. चौथ्या गिअरमध्येच, तुझ्या चालीवर आणली. इंजिन खाली आलं आणि दिवा पेटला. थोडं दाबलं, विझला. सोडलं, पेटला. मी पुलाच्या टोकाला गाडी कडेला घेतली. मला पुढचं दिसेना. आबांनी आपल्या गमछ्याचं टोक पुढे केलं आणि पाण्याकडे बघत बसले.

फुई, तुला माहीत होतं का?

मी कुणाला विचारू हे? एवढी वर्षं गाडी हाकलेली बाई तू. लाल दिवा केव्हा पेटतो आणि केव्हा विझतो, हे तुला कळलं नसेल असं मला वाटत नाही. मग मी गाडीखाली लोळत असताना टॉर्च धरून तू काय बघत होतीस? एक दिवस जास्त मिळाला म्हणून खूश होतीस? मग "थांब" का नाही म्हणालीस, एकदा तरी? मी थांबलो असतो. "एक दिवस ऱ्हाय" एवढंच म्हणायचं होतं ना. माझ्यासाठी तू साऱ्या गावाशी भांडलीस, आणि माझ्याकडे एक दिवस मागायला तुझी जीभ रेटली नाही?

की तसं काहीच नव्हतं? संध्याकाळी तुझ्या डोळ्यांना समोरच्या ट्रकच्या दिव्यांचा त्रास व्हायचा, मोतीबिंदू पिकत आला होता, मी ऑपरेशनचं बोललो की तू विषय बदलायचीस. कदाचित तू नुसती म्हातारी झाली होतीस. अंधार पडताना जपून चालवत होतीस, आणि ते कबूल करायचं नव्हतं म्हणून इंजिनावर ढकललंस. माझ्याकडे ही दोन कारणं आहेत, फुई. दोन्ही मीटरवर अगदी सारखी दिसतात. मी काहीही उतरवलं, काहीही पुसलं तरी यातलं खरं कोणतं ते कळायचं नाही. कटआउट चांगला होता. अर्थिंगही चांगलं होतं. आपण दोघंही चुकलो, आणि आता मला कुणाशी भांडायचं तेच राहिलं नाही.

मला वाटतं, हे मला सोसणार नाही. बिघाड सापडत नव्हता तोवर काहीतरी करायला होतं.

सूर्य नदीपलीकडे गेला. आबा म्हणाले, "चाल, घर माणसं शेत." घरी माणसं खोळंबली होती. मी दिवे लावले, गाडी वळवली. मनात हिशोब चालूच होता. बॅटरी जुनी आहे, इतके दिवस तपासण्या करून तिला मी अर्धी केली होती. आता येताना भरली आहे ती थोडीशी. असंच जोरात घरी गेलो तर आणखी भरेल आणि सकाळी एका चावीत उठेल. भंगारवाला रिकाम्या हाताने परत जाईल. म्हणून मी दाबली. गाडी पुन्हा सुटली.

थोडं पुढे गेल्यावर आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"धीरे चाल ना."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. चपला मांडीवरच होत्या.

"घर लगेच ई जाई," ते म्हणाले. "मंग उतरनं पडी. आते तठे कोन शे? धीरे चाल. अक्का चालाडे तशी चाल."

मी म्हटलं, "आबा, धीरे गऊत ते सकाय हाई चालू नही व्हणार. तुम्हीच म्हणाले होते. एक चावीमा."

आबांनी नाक गमछ्याला पुसलं.

"नही व्हई ते नही व्हई," ते म्हणाले. "ढकलसूत. इतला पाव्हणा ई ऱ्हायनात, कसाले ई ऱ्हायनात? मी शे ना. मी ढकलसू."

मग ते थोडे माझ्याकडे वळून बसले आणि म्हणाले, "तुले माहीत शे का, मी आंबावरथून पडनू व्हतू, तव्हय अक्कानी मले खांदावर लई..."

मी पाय उचलला. लाल दिवा पेटला, फुई, आणि घरापर्यंत पेटलेलाच राहिला.